गळ्याचा खुराक

गाण्यातलं ओ की ठो कळत नसताना गाण्यासाठी एवढं करणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नाही, आणि कोल्हापुरात नाही म्हणजे जगात कुठेच नसणार. हा माणूस माझ्या बायकोचा थोरला मामा आहे, हे मी परगावच्या लोकांना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. मामा जुने पैलवान. तालमीत त्यांचे दोन्ही कान असे चुरगळलेत, की कानांच्या जागी कुणी घाईघाईत दोन सुके अंजीर चिकटवून गेलंय असं वाटावं. असल्या कानांत सूर शिरणार कुठून? त्यात वयाबरोबर उरलंसुरलं ऐकूही कमी येऊ लागलेलं. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांचा विषय निघाला की मामांच्या अंगात येतं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ. "पैलवानाला आख्खं गाव खुराक घालतंय. मग गाणाऱ्या पोरानं काय घोडं मारलंय?"

मामांचा मंगळवार पेठेत गोठा आहे. संध्याकाळी दोन म्हशी कट्ट्यावर आणून बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला थेट त्याच्या हातात द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. काठोकाठ भरलेला पेला हातात आला की माणूस दोन मिनिटं जागचा हलू शकत नाही. मामा त्याला नेमकं तेव्हाच गाठतात. "पैसं नगंत. तुमच्याकडं काय हाय त्ये बोला." असं करत करत एका रिक्षावाल्याने बासरी शिकणाऱ्या मुलाला रोज स्टँडवरून क्लासला सोडायचं कबूल केलं, चष्म्याच्या दुकानदाराने सारंगीवाल्या मुलीला चष्मा करून दिला. 'नाही' कुणी म्हणत नाही, कारण तोवर मामांचा पंजा खांद्यावर पडलेला असतो. माझ्याकडे देण्यासारखं काय आहे, याचा विचार मामांनी माझ्या आधीच करून ठेवला होता. "पावणं, तुमची फुडची खोली सकाळी मोकळीच असतीया की!" झालं. पुढे दीड वर्ष रोज सकाळी पाच वाजता माझ्या उशीपासून एका भिंतीच्या अंतरावर एक तबलजी तयार होत होता. मी चिडलो, धुसफुसलो, बायकोच्या माहेरावरून बोलून घेतलं, आणि शेवटी आंघोळ करताना त्याचेच बोल गुणगुणू लागलो. तो आता मोठमोठ्या गवयांच्या साथीला बसतो. तो आमच्या पुढच्या खोलीत घडला, हे मी न विचारता सांगतो.

मामांच्या लेखी गाणं आणि कुस्ती यांत काडीचा फरक नाही. गुरुजींना ते वस्ताद म्हणतात आणि रागाला डाव. एकदा दोन गायिकांची जुगलबंदी ऐकायला मी त्यांना घेऊन गेलो. अडीच तास मांडी न मोडता बसले आणि शेवटी आयोजकांना गाठून विचारलं, "येवढा वेळ धरलीया, पडलं कोन?" चांगलं गाणं कोणतं हे त्यांना कसं कळतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "कान न्हाईत, डोळं हाईत की. मानंखाली बघायचं. दम कुठवर जातोय त्ये दिसतंय." हे ऐकून मी हसलो होतो. पण हातकणंगल्याची सुजाता आमच्या कुणाच्या नाही, मामांच्याच नजरेला पडली.

सुजाताचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करत. आजोबा वस्तीतल्या विहारात पेटी वाजवत, आणि त्या पेटीपाशी बसूनच ही पोरगी गाणं शिकली. मामा म्हशी बघायला तिकडे गेले होते, विहारापाशी थांबले आणि म्हशी विसरून पोरगीच बघून आले, म्हणजे पेठेसाठी दत्तकच घेऊन आले. दोन वर्षं पेठेने तिला बसचा पास, वह्या, गाण्याचे वस्ताद असं सगळं पुरवलं. मग एका संस्थेची शिष्यवृत्ती निघाली. निवड झाली तर चार वर्षं गुरूंच्या घरी राहून शिकायचं. नाही झाली तर बारावीनंतर मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या, हे घरात ठरलेलं होतं. वडील वाईट नव्हते, पण हात कमी पडत होते.

निवडीच्या दिवशी सकाळी मामांनी तिला कट्ट्यावर उभं केलं आणि मैदानात उतरणाऱ्या पैलवानाला द्यावा तसा अर्धा लिटरचा पेला, वर चार बोटं फेस, तिच्या हातात दिला. "वड सगळं. दमाला बरं आसतंय." गाण्याआधी दूध घशाला मारक, हे मलाही माहीत नव्हतं, मीही इथलाच. पोरीला बहुधा माहीत असावं, पण मामांच्या हातचा पेला परत करायचा कसा?

व्हायचं ते झालं. वरच्या सुराला तिचा घसा धरला, ती खाकरली, पुन्हा लावला, पुन्हा तेच. तीन परीक्षकांपैकी एका वयस्कर बाईंनी तिला थांबवून विचारलं, "गाण्याआधी काही घेतलंस का? दूधबीध?" सुजाता खाली मान घालून म्हणाली, "काही नाही." बाईंनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

"काय म्हणत्यात?" सभागृहात माझ्याशेजारी बसलेल्या मामांनी विचारलं. मी त्यांच्या चुरगळलेल्या कानाला तोंड लावून ओरडलो, "दुधानं घसा धरला म्हणतायत! आणि ती नाही म्हणतेय!"

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते उठले आणि भर सभागृहातून चालत परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले. उभ्या आयुष्यात ज्याने कुणापुढे पाठ टेकली नव्हती, त्या माणसाने हात जोडले. "पोरगी खोटं बोलतीया, बाई. मला वाचवाया बोलतीया. दूध मी पाजलंय. ती पडली न्हाय, मी पाडलीया. ही कुस्ती निकाली धरू नगा. परत लावा."

बाईंनी त्यांच्या कानांकडे बघितलं. मग सुजाताला म्हणाल्या, "सगळ्यांत शेवटी गा. तोवर गरम पाणी पी." ती दुपारी गायली आणि निवडली गेली. मामांनी मात्र महिनाभर दुधाला तोंड लावलं नाही. तेव्हापासून कट्ट्यावर नियमच झाला: दूध पैलवानाला कुस्तीआधी, गवयाला गाण्यानंतर.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात सुजाताचं कोल्हापुरात पहिलं मोठं गाणं झालं. रिक्षावाला, चष्मेवाला, झाडून सगळा कट्टा आला होता. मामा फेटा बांधून पहिल्या रांगेत, मी शेजारी. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. यंत्र आणलं होतं, पण त्या मोडक्या कानांत ते बसेना. सुजाता मंचावर आली, आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतात तसा मंचाला हात लावून तिने तो कपाळाला लावला आणि तंबोरे जुळले. मामा पुढे वाकून तिच्या मानेखाली बघू लागले.

खरं सांगतो, मला गाण्याचा आनंद होईना. एवढं केलं त्या माणसाने, आणि ऐकायच्या वेळी त्याच्याच वाट्याला काही नाही, हे मला सहन होत नव्हतं. तिने वरचा सूर लावला. तोच, त्या दिवशी न लागलेला. स्वच्छ, लांब, संपेचना. मी न राहवून मामांच्या कानाला लागलो आणि ओरडलो, "मामा, लागला! सूर लागला!"

मामांनी तिच्यावरची नजर काढली नाही. नुसता पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"गप बसा की, पावणं. पोरगी गातीया."