कुरवाचा पत्ता

विजय गेल्याचा फोन सुनंदावहिनींनी केला, तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात 'मूल्यां'वरचं भाषण ऐकत होतो. "झोपेतच गेले हो," त्या म्हणाल्या. त्याला आता महिना झाला.

आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. पुढे काचेच्या इमारती आल्या, पगार वाढले आणि ओघानं छंदही महागले. आमच्या पक्षिमित्र मंडळात पक्ष्यांआधी लेन्स ओळखल्या जाऊ लागल्या. कुरव म्हणजे हिवाळ्यात कोकणात उतरणारे पांढरे-करडे समुद्रपक्षी. ते उडताना छान दिसतात, म्हणून मंडळी त्यांना फरसाण फेकत. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला शेव-गाठिया... पुणेकरांचं एवढंच आतिथ्य मी पाहिलं आहे.

एका हिवाळ्यात विजयला थव्यात निराळाच कुरव दिसला. थेट उत्तरेकडचा, आपल्याकडे जवळजवळ न येणारा, थकून वाळूत बसलेला. मंडळात त्यानं पक्षी सांगितला, किनारा सांगितला नाही.

"फोटो दाखवा," अध्यक्ष म्हणाले. फोटो नाही तर पक्षी नाही, हा नियमच होता.

"नाही दाखवत."

"मग तुम्ही पाहिला नाहीत."

"बरं, नाही पाहिला."

त्या वर्षीची मंडळाची सत्काराची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर पडली. मी चिडलो, तेव्हा वारज्याच्या घरी त्यानं मला फोटो दाखवला. पक्षी स्वच्छ, पण मागे ओळखीचा धक्का आणि देऊळ. "मागचं कापून टाक," मी म्हटलं. "कापलं तर म्हणतील, परदेशातला आहे. नाही कापलं तर रविवारी गाड्यांची रांग लागेल. बसू दे की त्याला."

"त्यांना नाव नको होतं असं नाही हो," वहिनी परवा म्हणाल्या. "फार हवं होतं."

आता मंडळाला त्याची नोंद मरणोत्तर करायची आहे, त्यासाठी फोटो हवा आहे. वहिनींचा जीव त्यात अडकला. शेवटी ठरलं, आधी जाऊन बघायचं; किनारा रिकामा असेल तर फोटो देऊन टाकायचा.

रविवारी गेलो. थव्याच्या कडेला तो बसला होता. तोच की दुसरा, मला कळत नाही. विजयला कळलं असतं. वहिनी वाळूत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "चला, उगाच उठवायला नको."

परतताना घाटात अध्यक्षांचा फोन आला. "मिळाला का फोटो? आणि आहात कुठे?"

"मंडईत," वहिनी माझ्या हातातला फोन घेऊन म्हणाल्या. "वांगी बघतोय."