मॅडम म्हणतात

परदेशातून एक शिकाऊ शिक्षिका येणार आणि महिनाभर आमच्या बालवाडीत फुकट शिकवणार, हे कळल्यावर संस्थेत जी धांदल उडाली ती एखाद्या लग्नघराला शोभली असती. भिंतींना रंग लागला, मोडकी घसरगुंडी मागच्या खोलीत गेली. अध्यक्षांनी आम्हा बायकांना बोलावून सांगितलं, "ती असेपर्यंत पोरांवर हात उगारायचा नाही." 'असेपर्यंत' या शब्दाचं आमच्यापैकी कुणालाही काही वाटलं नाही. मलाही नाही.

आम्ही मूळचे कोकणातले. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात आलो, तिथल्या टोकरखाड्यात बिऱ्हाड थाटलं आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून मी जवळच्याच आमलीतल्या या बालवाडीत लागले. वर्गातली पोरं कंपन्यांत कामाला आलेल्यांची. कुणी नंदुरबारकडचं, कुणी धुळ्याचं, कुणी थेट बिहारचं. मी मारकुटी नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे आणि ते मला खरंही वाटे, कारण पट्टी मी कधी हातात धरली नाही. माझा चिमटा असे. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीखाली झाकला जाईल असा. त्याआधी एकदा दाराकडे बघून घ्यायचं, कुणाची आई आली नाही ना याची खात्री करायची. हे लिहितानाही हात थांबतो आहे, पण लिहायलाच हवं.

ती परदेशी मुलगी आली. उंच, उन्हाने नाक सोललेली, वागायला अगदी साधी. पहिल्याच दिवशी फरशीवर मांडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा पाय पसरून बसली आणि पोरं तिच्या पायांवरून गाड्या फिरवू लागली. तिला फक्त इंग्रजी येत होतं आणि आमच्यात इंग्रजी बोलणारी मी एकटी. झाले मी दुभाषी. खरं सांगायचं तर माझा रुबाब वाढला. अध्यक्षसुद्धा मला विचारल्याशिवाय तिच्याशी बोलेनात. वर ती म्हणाली, तुमची मुलं किती शांत बसतात, हे मला शिकायचं आहे. मी मान तिरकी करून हसले. ती पोरं शांत का बसतात हे मला चांगलं माहीत होतं.

एका दुपारी आम्ही दोघी खिडकीजवळ रंगीत कागद कापत बसलो होतो. पोरं शाळा-शाळा खेळत होती. बाई झालेली मुलगी साडेचार वर्षांची, खानदेशातल्या जोडप्याची एकुलती एक. खांद्यावर ओढणीचा पदर, कमरेवर हात. "डोकं आहे का भोपळा?" तिने समोरच्या पोराला विचारलं. आवाज माझा, हेलसुद्धा माझा कोकणी. मग तिने दाराकडे पाहिलं, नीट, डोळे बारीक करून. आणि त्या पोराची बाही वर सारून दंडाला चिमटा घेतला.

माझ्या हातातली कात्री थांबली. परदेशी मुलीने सगळं पाहिलं होतं. तिने हळूच विचारलं, "ही कोण झाली आहे?"

मला विचार करायला वेळ लागला असता तर निदान तेवढं तरी माझ्या बाजूने सांगता आलं असतं. पण मी लगेच म्हणाले, "आई. ती घरी आपल्या आईला बघते ना."

तिचा चेहरा उतरला. चिमटा घेण्याआधी पोरीने दाराकडे पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं होतं. घरात हे लपूनछपून चालत असणार, आपल्याला आईशी बोलायला हवं, प्रेमाने, तिला दोष न देता, असं ती म्हणत राहिली. मी म्हटलं, इथल्या बायका कामावर जातात, त्यांना वेळ नसतो. ती म्हणाली, मी थांबेन. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. पण तिच्या नजरेतून उतरायचं माझ्याच्याने होईना. मी निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी आई आली. प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला होती, माझ्या निरोपापायी कामावर खाडा करून आली होती. नेहमी कंपनीच्या निळ्या कोटात येणारी बाई त्या दिवशी जरीकाठाची साडी नेसून आली. पोरीचे केस चापून-चोपून बसवलेले, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी. गोऱ्या मॅडमने बोलावलंय म्हणजे काहीतरी कौतुक असणार, असं तिने धरलं होतं. आल्याआल्या मला म्हणाली, "हुशार शे ना बाई, मनी पोर?"

"बसा," मी म्हटलं.

परदेशी मुलगी तिच्या शेजारी बसली आणि बराच वेळ बोलली. तुम्ही किती कष्ट करता ते मी पाहते, म्हणाली. कुणीही चांगली आई दमल्यावर चिडते, तुम्हाला कुणी वाईट म्हणत नाही, फक्त मुलीला भीती वाटायला नको, एवढंच. बोलताना तिचे डोळे भरून आले. ते सगळं मी एका ओळीत उरकलं. "मॅडम म्हणतात, पोरीला मारत जाऊ नका."

आई गोंधळली. तिने मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. मनातल्या मनात ती आठवत असावी, कधी, कशाबद्दल. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. नाही म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि भीतीही त्याचीच वाटत होती.

"कंपनीतून येते बाई, जीव कावलेला राहतो," ती शेवटी म्हणाली. "देत असेन एखादी चापट, ध्यानात नाही राहत. आता नाही मारणार. पण शाळेतून नाव नका काढू तिचं."

नाव काढायचा विषयच कुणी काढला नव्हता. तेवढंही मी तिला सांगितलं नाही.

पोरगी इतका वेळ आईच्या पदराशी चाळा करत होती. ती वर बघून घरच्या बोलीत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "माय, तू नही मारस. बाई मारस."

आईने खाडकन तिच्या गालावर मारली. "चूप ऱ्हाय. बाईले असं बोलतस का?"

पोरगी रडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. परदेशी मुलगी ताडकन उठली, पोरीला जवळ घेतलं आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की मला फरशीकडे बघावं लागलं. ती नजर माझ्या वाटणीची होती. "काय म्हणाली ती?" तिने मला विचारलं.

"घरी जायचंय म्हणाली," मी सांगितलं.

आई उभी राहिली. मारल्याबद्दल मॅडमची माफी मागितली, तीही मीच इंग्रजीत करून दिली. मग पोरीचं बोट धरून दाराशी गेली, मागे वळली आणि मला हात जोडून म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून निभावलं, बाई."