पुठ्ठ्याआडचा फासा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. वर्षालासुद्धा नाही — आणि वर्षा माझी बायको आहे, आणि ते घडलं तेव्हा ती माझ्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती. तिला वाटतं, त्या दुपारी काय झालं ते तिला माहीत आहे. सगळ्यांनाच वाटतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आता राग आवरत नाही. कोणाचा राग? ते येईलच पुढे.

परवा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजची दोन पोरं एका खेळाचे नियम छापून घ्यायला आली होती, आणि काउंटरवरच भांडायला लागली. विषय काय, तर पॅलाडिन खोटं बोलला, पण कोणाचा तरी जीव वाचवायला बोलला, तर त्याची शक्ती काढून घ्यायची की नाही? एक म्हणे काढायचीच, नियम म्हणजे नियम. दुसरा म्हणे, अबे पण जीव वाचला ना! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली — "घ्या ते कागद आणि निघा इथून," म्हणालो. पोरं चपापली. त्यांची काय चूक होती?

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात — कोणी तिरंदाज, कोणी चोर, कोणी मांत्रिक. काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि जिथं नशिबावर आलं तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर सोनं, एक पडला तर माती. पॅलाडिन म्हणजे व्रत घेतलेला योद्धा. तो देवाला शब्द देतो, आणि देव त्याच्या तळहातात जखमा बऱ्या करायची शक्ती देतो. शब्द मोडला की शक्ती गेली. नियमांच्या पुस्तकात या माणसाला 'लॉफुल गुड' म्हणतात, म्हणजे नियमानं चालणारा आणि मनानं चांगला. जसं काही या दोन गोष्टी आयुष्यभर हातात हात घालूनच चालतात!

ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना आम्ही चौघं हा खेळ खेळायचो — मी, वर्षा, गोलू आणि सैनू. रविवारी दुपारी, धानाच्या बियाण्याच्या दुकानावर माझी खोली होती तिथं. गोष्ट सांगणारा मी, म्हणून मला मास्तर म्हणत. माझा फासा मी टेबलफॅनच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड टाकायचो. तशी रीतच आहे. गोष्टीतल्या शत्रूचा, पावसापाण्याचा आणि देवाचा फासा मास्तरनं टाकायचा, आणि मास्तर सांगेल तो आकडा बाकीच्यांनी मानायचा. कोणी वाकून बघत नाही.

सैनू पॅलाडिन व्हायचा. गोंडाच्या घरचं पोरगं, धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या गावचं. साधुसंत वगैरे मुळीच नाही हो! गोलूच्या ताटातला समोसा उचलायचा, कॅरममध्ये लबाडी करायचा आणि पकडला गेला की वर आपणच ओरडायचा. पण पुस्तकातलं व्रत त्याला पटेना. "राजाचं ऐका, देवळाचं ऐका — हे काय व्रत हाय का बे?" म्हणे. मग त्यानं गावाकडचंच व्रत आणलं. त्यांच्याकडे आंब्याचा पंडुम होतो. गावदेवाला पहिला आंबा द्यायचा सण. तो होईपर्यंत कोणी आंब्याला तोंड लावत नाही. जिला झाडाखाली जाववत नाही अशा म्हातारीलाही त्याच दिवशी मिळतो, इतरांइतकाच मिळतो. "पहिला आंबा एकट्याचा नसते," सैनू म्हणायचा. त्याच्या योद्ध्याचं व्रत तेच: नवं फळ आधी देवाला, मग सगळ्यांना. मी मान डोलावली. मनातून म्हणालो, खाण्यापिण्याचं कसलं आलंय व्रत! मी शिकलेला ना.

आता ती दुपार, सगळ्यांना माहीत आहे तशी सांगतो.

गोष्टीतली ती तिघं जंगलात वाट चुकली होती. त्यांना एक पोरगी सापडली, भुकेनं डोळे मिटत चाललेली. समोर एकच झाड, आंब्याचं, पाडाला आलेलं, आणि पंडुम अजून व्हायचा होता. हा प्रसंग मी मुद्दाम रचला होता. आम्हा मास्तर लोकांना ही फार खाज — व्रतवाला दिसला रे दिसला की त्याच्यापुढे इकडे आड तिकडे विहीर उभी करायची, आणि तो पडला की टाळ्या पिटायच्या. याला म्हणे नीतीची परीक्षा म्हणतात! अरे, परीक्षा घेणारे तुम्ही कोण? तुमची कोणी घेतली का?

सैनूनं फार विचार केला नाही. "पोरीले खाऊ दे," म्हणाला, "पाप माह्यावर येऊ दे." स्वतः त्यानं फोडसुद्धा तोंडात घातली नाही. मग त्याचा योद्धा गुडघ्यावर बसला आणि देवाला म्हणाला, माझं काय ते तू ठरव. आमच्यात ठरलं होतं, अशा वेळी देवाचा फासा पडेल, दहाच्या वर आला तर माफी. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला. बघितला.

"एक," म्हणालो.

गोलूनं शिट्टी मारली. वर्षा म्हणाली, असं काऊन? सैनू म्हणाला, "बरोबर हाय. व्रत मोडलं तं मोडलं."

आणि त्यानं ते मनापासून भोगलं. मी त्याच्या योद्ध्याला प्रायश्चित्त दिलं — तलवार नाही, घोडा नाही, जखमींचं पाणी भरायचं. रविवारमागून रविवार तो पाणीच भरत राहिला. गोलू त्याला आंबेवाला म्हणून चिडवायचा. पुढे एका लढाईत वर्षाच्या तिरंदाजाला बाण लागला. सैनूच्या तळहातात शक्ती असती तर ती वाचली असती. नव्हती. तिरंदाज मेली, वर्षा रडली — हसू नका, दोन वर्षं जपलेलं माणूस होतं ते तिचं — आणि सैनूनं तिच्यापुढे खरेखुरे हात जोडले. माह्यामुळं झालं, म्हणाला. मी पुठ्ठ्यामागे बसून बघत होतो.

तो फासा पडला त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी सैनूच्या गावी गेलो होतो. पंडुम बघायचाय, असा हट्ट माझाच. त्याच्या मायनं मला खाट दिली, स्वतः खाली झोपली. पंडुमच्या आदल्या दिवशी सगळे देवाच्या जागेची झाडलोट करायला गेले होते. मी एकटाच घरी, मागच्या अंगणात. झाडावरून एक आंबा पडला. पाडाचा, पिवळाधमक.

भूक लागली होती का? नव्हती. सकाळीच पोटभर जेवलो होतो. मग? मग काही नाही. कोण बघतंय, एवढंच. खाल्ला. कोय काट्यांच्या कुपाटीत टाकली आणि हात धुतले.

संध्याकाळी कोय सापडली. ओली होती, नवी. गावाचा पुजारी — त्याला गायता म्हणतात — तो आला, चार म्हातारे आले. कोणी ओरडलं नाही, बरं का. सैनूनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तू खाल्ला का बे? खाल्ला असशील तं सांग, पाहुण्याले कोणी काई म्हणत नाई." ऐकलंत? सुटायचा रस्ता त्यानं हातात आणून दिला होता. एक शब्द बोलायचा होता. लोक हसले असते, त्याच्या मायनं पाठीवर धपाटा घातला असता, संपलं असतं.

"नाई बे," म्हणालो.

बस. त्यानं परत विचारलं नाही. म्हाताऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. "माहा दोस्त नाई म्हणते, म्हंजे त्यानं नाई खाल्ला. मंग आमच्याच घरचं समजा." त्याची माय पुढं आली. सगळ्या गावासमोर तिनं चूक आपल्या घरची म्हणून कबूल केली — जी चूक तिच्या घरात कोणीच केली नव्हती. देवाला द्यायला तिची कोंबडी गेली. अंड्यावरची होती. दुसऱ्या दिवशी पंडुम झाला आणि तिनं त्यातला सगळ्यात मोठा आंबा माझ्या हातात ठेवला. पाहुणा हाय, म्हणाली. आणि मी तोही खाल्ला. काय निर्लज्ज माणूस असेल सांगा!

यानंतरचा रविवार म्हणजे तो — भुकेली पोरगी, आंब्याचं झाड. आता कळलं, तो प्रसंग मला कुठून सुचला?

का केलं, ते सांगून सुटायचं नाहीये मला. सांगतोय ते जास्त घाण आहे म्हणून. मला सैनूचा राग आला होता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला याचा राग! शंका घेतली असती, शिवी हासडली असती, तर बरं वाटलं असतं. पण हा बेटा खुशाल मान ताठ करून उभा राहिला माझ्या खोट्यावर. मला त्याला पडलेला बघायचं होतं. त्यानंही आंब्यासाठीच पडावं, सगळ्यांसमोर पडावं. आणि तो पडेना. मी एवढी विहीर खणली, तर त्यानं पोरीला खाऊ घातलं आणि पाप आपल्या डोक्यावर घेतलं. अगदी मायसारखं.

म्हणून मी फाशाकडे बघितलं आणि खोटं बोललो.

त्या जाड पुस्तकात पानंच्या पानं आहेत — पॅलाडिन कशानं पडतो, केव्हा पडतो, पडल्यावर काय भोगतो. पुठ्ठ्याआड देव होऊन बसलेला कशानं पडतो, त्यावर एक ओळ नाही. शोधली मी. आणि पोरं माझ्या दुकानात येऊन भांडतात, की जीव वाचवणाऱ्याला शिक्षा करायची का! भोगायचं कोणी, तर ज्यानं शब्द दिला त्यानं. ज्यानं कधी शब्दच दिला नाही, तो मोकळा, तो मास्तर!

मागच्या उन्हाळ्यात सैनूनं गावी बोलावलं. आता तो तिथंच शाळेवर आहे, आणि सुट्टीत गावातल्या पोरापोरींना हाच खेळ शिकवतो, गोंडीतून. वर्षा आणि मी गेलो. शाळेच्या ओसरीवर वीसेक पोरं बसली होती. सैनूसमोर पुठ्ठा उभा — तसाच, कुठल्याशा खोक्याचा. एका पोरीनं मराठीतून विचारलं, सर, फासा आम्हाले काऊन नाई दाखवत? सैनूनं माझ्याकडे बोट केलं.

"हा पाहा माहा मास्तर," म्हणाला. "मी याचा जिगरी दोस्त, तरी यानं मले सोडलं नाई. फाशावर एक होता तं एकच सांगितला. पुठ्ठ्याआड बसणारा असा पाह्यजे. मंग वाकून पाहाले नाई लागत."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर्षानं अभिमानानं माझ्याकडे बघितलं. पलीकडे त्याची माय बसली होती, म्हातारी झालीय आता. ती पण हसली.

मी काय केलं? उभा राहिलो. हात जोडले. हसलो.

त्या दिवशी फाशावर वीस होते. आंबा मी खाल्ला होता. आणि कोंबडी त्याच्या मायची होती.