मामांची सात बाय सत्तावन्न

दुकानात तयार मिळणारी वस्तू विकत आणणं म्हणजे धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या हातून घास भरवून घेणं, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे. वसईहून कॅनडात किचनरला येऊन त्यांनी मशीन शॉपमध्ये तीस वर्षं काढली. घरातलं डायनिंग टेबल त्यांनी स्वतः केलं. त्याला चार वर्षं लागली आणि तोवर मामी ताट मांडीवर घेऊन जेवल्या. "घाईने केलेलं काम दिसतं, जावई," मामा म्हणतात. मामींचं म्हणणं, निदान दिसतं तरी.

बंदुकीचं प्रकरण शेजारच्या म्हाताऱ्यामुळे सुरू झालं. मामा कॅनडात नवे असताना त्यानेच त्यांना लायसन्स काढण्यापासून हरणाच्या शिकारीपर्यंत सगळं शिकवलं होतं. आता त्याच्या नाकाला ऑक्सिजनची ट्यूब होती आणि डॉक्टरांनी ख्रिसमसच्या पुढचं काही बोलायचं टाळलं होतं. दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये त्याने आपल्या वडिलांची रायफल मामांच्या हवाली केली. नळी गंजलेली, दस्ता चिरलेला, मधलं लोखंड तेवढं शाबूत. या रायफलीने मारलेल्या हरणाचं मांस एकदा खायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

तिचं काडतूस सात बाय सत्तावन्न, म्हणजे पणजोबांच्या काळातलं. दुकानदार म्हणाला, हल्लीच्या थ्री-ओ-एट काडतुसाची नळी बसवा, गोळ्या कुठेही मिळतील. त्याने बोंबलाच्या कालवणात केचप घालायला सांगितल्यासारखं मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "त्याच्या डॅडच्या रायफलमध्ये दुसरं कार्ट्रिज? नो वे!" मग नळीची खास ऑर्डर गेली आणि ती पाच महिन्यांनी आली. मधल्या काळात मामा बेसमेंटमध्ये बनियनवर बसून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासत. खांद्याला लावून पाहत, पुन्हा घासत. मग जवसाच्या तेलाचे चौदा हात, दोन हातांमध्ये आठवडाभर विश्रांती. ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या उबदार दुपारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्यांनी शर्टावरच नेम तपासला. पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या.

हरणांचा हंगाम नोव्हेंबरात, आठवडाभराचा. पहिल्या दिवशी मी थर्मास सांभाळत मामांच्या शेजारी बसलो होतो. उजाडल्यावर हरीण आलं आणि साठ पावलांवर उभं राहिलं. मामांनी रायफल उचलली, ती काखेतच अडकली. अंगात थर्मल, दोन स्वेटर, वर जाड जॅकेट. आणि दस्त्याचं माप घेतलेलं बनियनवर! मामांनी दोनदा हिसका दिला, मग जॅकेटची चेन उघडायला घेतली. हरणाने हे सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि ते निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून मामा जॅकेट काढून बसले. हरीण आलं नाही, ताप आला.

मामांनी म्हाताऱ्याला खरं ते सांगून टाकलं. "इन युअर अंडरशर्ट?" म्हणत तो इतका हसला की ट्यूब निघाली. ख्रिसमसच्या दोन आठवडे आधी तो गेला.

मामांनी दस्ता इंचभर कापला. त्याला दहा मिनिटं लागली. पुढच्या नोव्हेंबरात पहिल्याच गोळीला हरीण पडलं. मामींनी ते मसाला घालून छान शिजवलं, आम्ही सगळे त्या टेबलाशी बसलो. मामा नुसताच भात चिवडत होते.

"आठ महिने होते रे माझ्याकडे," ते म्हणाले. "एकदा जॅकेट घालून बघायचं होतं."

मी त्यांच्या ताटात मांस वाढलं. त्यांनी नको म्हटलं नाही, पण खाल्लंही नाही.