मायच्या पेटीतली कुंची

शांते,

पिंपरीला निघाले त्या दिवशी हसनाबादच्या स्टँडवर मी एसटीत बसले आणि मायनं खिडकीतून माझ्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं, आठवतं का? माझा पहिला मुलगा जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मी रिकाम्या हातानं नवऱ्याकडं निघाले होते. गाठोड्यात काय आहे ते न उघडताच कळलं. डांबरगोळ्यांचा वास गाडीभर पसरला आणि पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला. मला मात्र रडू फुटलं, कारण तो आपल्या घराचा वास होता.

मायनं माझ्या जन्माच्या वेळी शिवलेल्या दोन कुंच्या, झबली आणि तिच्या लुगड्याची दुपटी. मी मोठी झाल्यावर ते सगळं पत्र्याच्या पेटीत गेलं. कसर लागू नये म्हणून माय भोकरदनच्या बाजारातून गोळ्या आणायची. एरवी चिमटीनं मीठ घालणारी बाई, पण पेटीत मूठभर गोळ्या टाकायची. माझ्यानंतर भाऊ झाला, तो पिवळा पडला आणि गेला. मग तू झालीस. मग आणखी एक भाऊ, तोही तसाच गेला. चौघांच्याही अंगावर त्याच कुंच्या होत्या. तान्ह्याला नवं घालू नये, अंगावरून गेलेलं जुनं घालावं, हे आपल्याकडं सगळेच मानतात. त्यामुळं कुणालाच काही वावगं वाटलं नाही. माय म्हणायची, "ह्याच कपड्यात तुम्ही दोघी वाचल्या." माझा पहिलाही त्याच कपड्यात पिवळा पडला आणि जालन्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत माझ्या हातावर गेला.

पिंपरीत मी बदलले, असं तुम्ही म्हणता. बदलले खरी. नळाच्या वेळा, ह्यांच्या शिफ्टच्या वेळा, स्टोव्हची पिन, सगळं अंगवळणी पडलं. दुसरा मुलगा इथल्या हॉस्पिटलात झाला. तीन दिवस तिथल्या पांढऱ्या कपड्यात होता, गुलाबी आणि ठणठणीत. घरी आणलं आणि मी गाठोडं सोडलं. कुंची मी माझ्या हातानं घातली, शांते. मायच जवळ आहे असं वाटलं मला. दोन दिवसांत त्याचे डोळे हळदीसारखे झाले आणि दूध ओढायचं थांबलं.

हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला हातात घेतलं, दुपट्याचा वास घेतला आणि विचारलं, "हे कपडे कशात ठेवले होते?" मी सांगितलं. त्यांनी आधी त्याला उघडा केला. मग त्याचं रक्त काढून दुसऱ्याचं घातलं. तपासणी झाल्यावर समजावलं, की काही मुलांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. ही उणीव आईकडून येते. मुलींना बहुतेक काही होत नाही, मुलांना होतं. अशा रक्ताला डांबरगोळी विषासारखी. रक्त फुटतं, कावीळ चढते, ती मेंदूपर्यंत जाते. पोटात असतानाही आईला त्याची हवा नको, म्हणाल्या. माझा मुलगा वाचला. पण त्याला ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. का येत नाही, ते आज कळतंय तुला.

तेव्हा तू आठ महिन्यांची गरोदर होतीस, मायकडं, त्या पेटीशेजारी. दुसरी कुंची मायनं तुझ्यासाठी म्हणून पेटीतच ठेवली होती. पत्र लिहायला घेतलं आणि हात थांबला. माझी पत्रं तूच मायला वाचून दाखवायचीस, आणि ती एकेक ओळ पुन्हा वाचायला लावायची. खरं लिहिलं असतं तर तिनं लगेच मनात मोजलं असतं, तिचे दोन, माझा एक. त्यानंतर ती एक दिवस जगली नसती. नुसतं 'डॉक्टर म्हणतात' लिहून तिनं ऐकलं नसतं. म्हणून मी तिला लागेल असंच लिहिलं. त्या जुनाट कपड्यांना वास मारतो, इथं लोक हसले मला, शांताच्या लेकराला ते घालू नका, आणि पेटी घराबाहेर ठेवा. सोबत नव्या कपड्यांचं पार्सल पाठवलं.

काम झालं. मायनं पेटी उचलून गोठ्यात नेऊन टाकली. तुझा मुलगा नव्या कपड्यात राहिला, वाचला. त्याच्या रक्तात तो दोष आहे की नाही, कुणी पाहिलंच नाही. माय काय म्हणाली ते तूच मला कळवलंस: "माही लेक माह्या वासाला लाजू लागली, मंग तिला आता इथं काय काम हाय?" मी यायची कमी झाले ती त्यामुळं. आले असते तर तिच्या पायावर पडून सगळं बोलून बसले असते. ह्या उन्हाळ्यात ती गेली, तेच मनात धरून गेली. मला हे सहन होत नाही, शांते.

आणि काल तुझं पत्र आलं. तुला पुन्हा दिवस गेलेत. माय जाताना म्हणाली होती, ह्या खेपेला माझीच कुंची घाल, म्हणून पेटी गोठ्यातून घरात आणणार आहेस, आता तरी तू रागावू नकोस, असं लिहिलंस. नको. भाऊजींना सांग, पेटी बंदच्या बंद शेताच्या बांधाला खोल पुरा. डॉक्टरांना हे पत्र दाखव.

इथं माझ्या घरात वॉशिंग सोड्याचा आणि रॉकेलचा वास येतो. घर म्हटलं की अजून मला तोच दुसरा वास आठवतो, आणि तो मी ह्या मुलाच्या घरात कधीच आणू शकत नाही. पुरण्याआधी एकदा झाकण उघडून माझ्या वाटचा वास घे, असं लिहिणार होते. पण तू दोन जिवांची आहेस. उघडू नकोस.

तुझी आक्का