सालीसकट खायची संत्री

नर्सिंग शिकायला मी कोल्हार सोडलं तेव्हा लढाई चालू होती. नगरला जाणारी सर्व्हिस मोटर रस्त्यावर उभी होती, वडील ड्रायव्हरशी बोलत होते आणि आई माझ्या पिशवीत बारकी संत्री कोंबत होती. बोराहून थोडी मोठी, लांबट, केशरी. मिशनच्या बंगल्यातली मडम विलायतेला परत जाताना त्यांचं झाड कुंडीसकट आईला देऊन गेली होती, कारण आई तिच्याकडे स्वयंपाकाला होती. त्याला कमक्वॉट म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

"सालीसकट खा," आई म्हणाली. "सालच ग्वाड हाय, आत निस्तं आंबट. पोट साफ ऱ्हातं. आन् डोईवरनं गार पानी घिऊ नको."

मी नुसती हो हो करत होते. मोटर सुटली तरी तिच्या सूचना संपल्या नव्हत्या.

नगरच्या दवाखान्यात आम्हाला आहार शिकवायला एक सिस्टर होत्या. ताजी फळं न मिळाल्यानं हिरड्या सुजतात, रक्त येतं, जखमा भरत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. आंबट फळांत व्हायटामिन सी असतं, पण फार शिजवलं की ते जातं. संत्र्याच्या सालीतही ते पुष्कळ असतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला आईचा केवढा अभिमान वाटला! सुट्टीत घरी गेल्यावर तिला हे सांगायचंच, असं मी ठरवलं.

पुढच्या नाताळाला गेले तेव्हा माझी थोरली बहीण मार्था बाळंत होऊन माहेरी आलेली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाकरीचा तुकडा चावला की हिरड्यांतून रक्त येई, म्हणून ती भाकरी दुधात कालवून गिळायची. अंगणातलं झाड फळांनी वाकलं होतं, पण तिला त्यातलं एकही मिळत नव्हतं.

"बाळंतिनीला आंबट?" आई म्हणाली. "दुधातनं पोराला बाधंल. माझ्या सासूनं मला कदी दिलं न्हाई."

"आई, तूच मला खायला सांगायचीस ना? तुझंच खरं आहे. आमच्या सिस्टरही तेच म्हणतात. मार्थाला त्याचीच गरज आहे."

मार्था काकुळतीला येऊन म्हणाली, "दे गं आई, तोंड लई दुखतंय." तेव्हा आई उठली, ओंजळभर फळं तोडून धुऊन आणली आणि मार्थापुढे ठेवली. मार्था एकेक फळ हळूहळू चघळत राहिली. त्या दिवसापासून रोज फळं आणि पालेभाजी सुरू झाली. माझी सुट्टी संपेपर्यंत रक्त थांबलं होतं. बाळालाही काही बाधलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. तिचे पुढचे दात ऐन तारुण्यात पडले होते.

"तुमच्या येळंला मला लिंबाची फोडबी कुनी दिली न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाईच्या जातीचे दात असेच जायाचे."

मी तिचा हात धरला, पण तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि चुलीकडे गेली.

स्वातंत्र्य मिळालं, माझं लग्न झालं आणि मी मुंबईला आले. परळच्या एका खोलीत संसार मांडला. माझ्या बाळंतपणाला आई आली. पोर रडलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. "घुटी दिऊ का? तेल कोंबट चालंल का? तुमच्या दवाखान्यात काय करत्यात?"

"अगं, तुला वाटेल ते कर. मार्थाच्या वेळी कुणाला विचारत होतीस का?"

"तवा म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "तू सांग, मी करते."

तिनं सगळं केलं, माझ्या सांगण्याप्रमाणे, एखाद्या नव्या आयासारखं. रागावली नाही, रुसलीही नाही. पण माझ्यावर डाफरणारी, माझं न ऐकणारी माझी आई काही त्या खोलीत आली नाही, आणि पुढेही ती मला कधी भेटली नाही. मार्था बरी झाली. तेव्हा मी बोलले ते योग्यच होतं. आजही मी तेच बोलेन. त्यानं हळहळ मात्र कमी होत नाही.

आई गेली, मार्थाही गेली. कोल्हारच्या घरी आता मार्थाची मुलं राहतात, त्यांच्या बायका आहेत. गेले की "मावशी, तुम्हाला काय चालतं?" असं अदबीनं विचारतात. गुणी पोरी आहेत, मी सांगेन ते करून वाढतात. तुमच्यापैकी जे लांब गेलेत, शिकलेत, त्यांना ठाऊक असेल. गाव आपल्याला मान देतं, पाट देतं, पण आपल्यावर ओरडायचं सोडून देतं. मुलं विचारतात, तुझं घर कुठलं? मी कोल्हार म्हणते. खरं तर मला एवढंच म्हणायचं असतं, की जिच्यापुढे मी अडाणी होते त्या बाईजवळ माझं घर होतं.