खंडेनवमीला भिजवलेलं कातडं

कुत्र्यांना चघळायला म्हशीच्या कातड्याच्या पट्ट्या करून विकायचं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त डोकं खाल्लं हत्यारांनी. शिवणाची कातर कातड्यावरून नुसती घसरायची. पत्रा कापायच्या कातरीने तळहाताला फोड आले. शेवटी उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराने चांभाराची रापी पुढ्यात टाकली. "चमडा भिगोके काटो मॅडम, मक्खन माफिक कटेगा."

बदलापूरला घरी येऊन मी उत्साहाने अख्खं कातडं भिजत घातलं. सकाळी ते अगदी हवं तसं मऊ झालं होतं. रापी शोधते, तर ती देव्हाऱ्यासमोर पाटावर! खंडेनवमी होती आणि माझ्या ध्यानातच नव्हतं, कपाळ माझं. सासूबाईंनी कोयता, विळी, भाजीची सुरी, माझ्या दोन्ही कातरी, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता.

"आज हत्याराला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "उद्या घे."

उद्या? पाण्यात ठेवलं तर कातड्याला वास सुटणार, बाहेर काढलं तर त्याची फळी होणार. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो प्रसादाचा पेढा खात होता.

कातडं मोरीत निथळत ठेवून मी नुसती बघत बसले. तेवढ्यात आमचा कुत्रा आला, त्याने एक कोपरा धरला आणि सगळंच ओढत अंगणात नेलं. मी त्याला हाकललंसुद्धा नाही. अख्ख्या घरात कुंकू न लागलेलं धारदार असं काही उरलं असेल, तर ते त्याचे दात.